तुरळच्या कुंडावर मुलीची नोकरी ठरवू नका

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. केंद्राचं भूऔष्णिक (म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासूनच्या) ऊर्जेचं धोरण आलंय, संशोधनाला सरकारी पैसा मिळणार आणि तुरळची गरम पाण्याची कुंडं आमच्या दारात. म्हणून तिने बीएस्सीला जिऑलॉजीच घ्यायचं, असं मी ठरवलंय. तिला केमिस्ट्री हवीय. सध्या ती बोलत नाही. सरकारी नोकरीची खात्री किती?
– एक पालक, संगमेश्वर तालुका

उत्तर : खात्री अजिबात नाही. पण त्याहून मला खटकलं ते जाता जाता लिहिलेलं 'सध्या ती बोलत नाही'. पोरगी घरात गप्प झालीय आणि तुम्ही नोकरीचं विचारताय! तीन वर्षं मायक्रोस्कोपखाली दगडांचे पातळ छेद तिला बघायचेत, तुम्हाला नव्हे.

सरकारी पैसा म्हणजे सरकारी नोकरी, हा गैरसमज आधी काढून टाका. हा पैसा प्रकल्पाला मिळतो आणि त्यातला बराचसा बोअर मारण्यातच जातो. लडाखमधल्या पुगा इथे 2021 साली ओएनजीसीने करार केला, तो 1 मेगावॉटच्या प्रायोगिक संयंत्रासाठी. तेलंगणात मणुगुरूचं संयंत्र 20 किलोवॉटचं. अशा संशोधनात बरीच माणसं प्रकल्पापुरतीच घेतात. मुदत संपली की पद संपलं. तुरळचं पाणी साधारण 60 अंशांचं, त्यावर मोठं वीजघर उभं राहत नाही.

आणि जमिनीखाली किती तापमान असेल, याचा अंदाज बोअरआधी देतं कोण? केमिस्ट! पाणी जितकं तापलेलं, तितकी खडकातली सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) त्यात जास्त विरघळते, म्हणून सिलिका मोजली की खालच्या तापमानाचा अंदाज येतो. त्यासाठी झऱ्याच्या पाण्याचा नमुना 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरने गाळायचा. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बाटलीत नायट्रिक अॅसिड घालून पीएच 2 च्या खाली आणायचा. क्लोराइड-सल्फेटची बाटली अॅसिडशिवाय. सिलिकेचा नमुना जागेवरच डिस्टिल्ड वॉटरने दहापट पातळ करायचा. सिलिका जास्त असलेलं पाणी तसंच निवू दिलं, तर ती साकळते आणि आकडा कमी येतो. पावसाचं थंड पाणी झऱ्यात मिसळलं तरी तेच, म्हणून नमुना उन्हाळ्यात घेतलेला बरा.

एमएस्सी केमिस्ट्रीनंतर यूपीएससीच्या कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून जीएसआयमध्ये (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात) केमिस्ट होता येतं, नेट-गेट या परीक्षा आहेतच.

मात्र हे वाचून 'घे केमिस्ट्री, पण जीएसआयसाठीच' असं नवं फर्मान काढू नका. तिला लोटे एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला जायचं असेल, नाहीतर अजून काहीच ठरलं नसेल. फॉर्म भरण्याआधी तिला विचारा आणि ती बोलेपर्यंत थांबा.