सापासकट वाच

प्रिय पोरी,

परवा जाता जाता तू विचारलंस, "सर, प्रबंधात दकार्गल घेऊ की नको?" दकार्गल म्हणजे वराहमिहिराच्या बृहत्संहितेतला, जमिनीखालचं पाणी शोधण्याचा अध्याय. वर्गातला एक म्हणतो सगळं भूशास्त्र आपल्या ग्रंथांत आहे, दुसरा म्हणतो सगळ्या थापा, आणि तू मध्ये अडकलीस. मी नुसतं 'घे' म्हणालो. रात्रभर ते अपुरं वाटत राहिलं.

त्या दोघांनी श्लोक वाचलेला नाही. पण तूही तो इकडून तिकडून उचललेल्या तुकड्यांतच वाचला आहेस, आणि माझा राग त्या तुकड्यांवर आहे.

वराहमिहिर सहाव्या शतकातला, अवंतीचा, म्हणजे उज्जैनकडचा. बृहत्संहितेतल्या या अध्यायाची सुरुवात बघ: 'पुंसां यथाङ्गेषु शिरास्तथैव क्षितावपि प्रोन्नतनिम्नसंस्थाः'. माणसाच्या अंगात शिरा असतात तशा जमिनीतही, काही वर, काही खाली. पुढच्याच श्लोकात तो म्हणतो की आभाळातून पडणारं पाणी एकाच रंगाचं, एकाच चवीचं. जमिनीच्या गुणामुळे त्याला निरनिराळ्या चवी आणि रंग येतात, म्हणून पाणी पारखायचं ते जमिनीसकट. विहिरीच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरण्यात माझा जन्म गेला. त्या कामाचा गाभा इतक्या थोड्या शब्दांत मला दुसरीकडे मिळाला नाही.

आता उंबराचा श्लोक घे. उंबराच्या पश्चिमेला तीन हातांवर अडीच पुरुष खोल गोड पाण्याची शिरा; पुरुष म्हणजे माणसाच्या उंचीएवढं माप. एक पुरुष खणल्यावर पांढरा साप, मग काजळासारखा काळा दगड, त्याखाली पाणी. व्याख्यानातले लोक काळा दगड दाखवतात आणि साप लपवतात. टिंगल करणारे साप नाचवतात आणि दगड लपवतात. दोन्ही चोरीच. तू श्लोक सापासकट वाच.

साप का आहे, हे मला सांगता येत नाही म्हणून तो गाळायचा अधिकार मला मिळत नाही. तुलाही नाही. आठ दिशांच्या शिरांना दिक्पालांची नावं आहेत, मधल्या नवव्या शिरेचं नाव महाशिरा, तेही ठेव. वाळवंटातल्या शिरा उंटाच्या मानेसारख्या जातात, असं तो म्हणतो. फुटत नसलेल्या खडकावर पळस आणि टेंभुर्णीची लाकडं पेटवायची, दगड लाल झाला की चुन्याचं पाणी ओतायचं, म्हणजे तो तडकतो, हेही त्याच अध्यायात. पाणाड्याचं निरीक्षण, पाथरवटाची युक्ती आणि दैवतांची नावं एका पंगतीला बसली आहेत. पंगत मोडू नकोस.

मी मोडली होती. १९७२च्या दुष्काळात मी नवा नवा भूशास्त्रज्ञ. एका गावातल्या म्हाताऱ्या पाणाड्याने उंबराशेजारची जागा दाखवली, वारूळ दाखवलं, 'चार परसांवर लागंल' म्हणाला. गावकऱ्यांदेखत मी हसलो. त्याच्याजवळ खुणा लिहिलेली वही होती. तो ती पुढे करत होता आणि मी हातात घेतली नाही. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा तो नव्हता आणि वहीचं काय झालं ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं. ते 'परस' म्हणजे श्लोकातलाच 'पुरुष', हे मला पंधरा वर्षांनी कळलं. जागा खणून पाहिली असती आणि कोरडी निघाली असती, तरी चाललं असतं. पाहिलीच नाही, हे सलतं.

मग मी उलट्या टोकाला गेलो. निवृत्तीनंतर गावोगाव सांगत सुटलो की शिरा म्हणजेच आपला जलधर, पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर. एका मुलाने उठून विचारलं, कोणता श्लोक? मला म्हणता येईना. घरी आलो आणि बृहत्संहितेचा अर्थ उलगडणारी भट्टोत्पलाची जुनी टीका घेऊन पहिल्या ओळीपासून बसलो. लोक याला म्हातारपणाचा हट्ट म्हणतात. म्हणू देत. काळ्या पाषाणातही पाणी भेगांत आणि कुजलेल्या मुरमात असतं, सगळीकडे सारखं नसतं. शिरांची कल्पना मला म्हणूनच पटते. पण पटली म्हणून ती सिद्ध झाली, असं मी आता म्हणत नाही.

बृहत्संहितेतला भूकंपाचा अध्यायही सोडू नकोस. पाण्यातले प्रचंड प्राणी, पृथ्वी पेलून थकलेले दिग्गज म्हणजे दिशांचे हत्ती, एकमेकांवर आदळणारे वारे, अदृष्ट म्हणजे न दिसणारं कर्मफळ, अशी इतरांची मतं वराहमिहिर ओळीने मांडतो. त्यात भूखंडांची हालचाल शोधू नकोस, ती नाही. मतभेद नोंदवायची सवय मात्र आहे, आणि ती तुझ्या प्रबंधात हवी.

उज्जैन ज्या काळ्या खडकावर आहे, तोच आपल्या पायाखाली आहे. म्हणजे पडताळा तुझ्या हातात आहे. उंबर शोध, जवळची विहीर शोध, अंतर, दिशा, खोली, थर लिही. उंबर आहे आणि पाणी नाही, तेही लिही. ते तर आधी लिही! गाइड नाराज होईल, होऊ दे.

रविवारी सकाळी ये. टीकेची प्रत बांधून ठेवली आहे. येताना टेप आणि होकायंत्र आण; ओढ्याकाठच्या उंबरापासून पश्चिमेला तीन हात मोजू.

तुझा,
सर