रॅकूनांसाठी विमानातून टाकली जाणारी रेबीजची लस खरोखर काम करते का?

अमेरिकेत विमानातून लशीच्या पुड्या टाकून रॅकून या डोळ्यांभोवती काळा पट्टा असणाऱ्या जंगली प्राण्यांमधला रेबीज रोखतात हे खरे आहे का, आणि अशी पुडी अंगणात पडून घरच्या कुत्र्याने खाल्ली तर काय करावे, असे आपण विचारले आहे. मी पशुवैद्यक आहे आणि रेबीज प्रतिबंध हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हे पूर्णपणे खरे आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याचा वन्यजीव विभाग राज्यांच्या मदतीने दरवर्षी लक्षावधी आमिषे, म्हणजे या लशीच्या पुड्या, टाकतो. ग्रामीण आणि डोंगराळ भागात विमानातून, तर वस्तीजवळ हेलिकॉप्टरमधून किंवा गाडीतून हाताने ती टाकली जातात. पुडी आकाराने सॉसच्या छोट्या पुडीएवढी असते. आत चमचाभरही नसलेला द्रव आणि बाहेरून माशांच्या भुकटीचा तपकिरी, उग्र वासाचा थर. रॅकूनाने ती दातांनी फोडावी आणि द्रव तोंडाच्या व घशाच्या आतल्या त्वचेला लागावा, यातच सगळे मर्म आहे. पुडी न फोडता गिळली गेली, तर लस वाया जाते.

या लशीत जिवंत रेबीज विषाणू नसतो, हे भीती वाटणाऱ्यांनी आवर्जून लक्षात घ्यावे. देवीच्या लशीत वापरल्या जाणाऱ्या व्हॅक्सिनिया विषाणूत रेबीजच्या बाह्य आवरणावरील एका प्रथिनाचे जनुक बसवून ती तयार केली आहे. अमेरिकेतील तिची पहिली क्षेत्रीय चाचणी 1990 मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यालगतच्या पॅरामोर बेटावर झाली आणि 1997 मध्ये रॅकूनांसाठी तिला परवाना मिळाला. याच कामासाठी कॅनडात विकसित झालेली दुसरी लस अ‍ॅडिनोव्हायरस या सर्दीसारखे आजार देणाऱ्या विषाणूवर आधारित आहे.

मात्र रेबीज समूळ संपवणे हे या मोहिमेचे तातडीचे उद्दिष्ट नाही. त्याला पश्चिमेकडे सरकू न देणे हे आहे. रॅकूनांचा हा रेबीज मूळचा फ्लोरिडाकडचा. 1970 च्या दशकात शिकारीसाठी तिकडचे रॅकून व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांच्या सीमाभागात आणून सोडले गेले, त्यांच्यासोबत रोगही आला आणि पुढच्या काही दशकांत पूर्व किनाऱ्यावर सर्वत्र पसरला. माणसाने केलेल्या एका स्थलांतराची ही किंमत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणूनच आता उत्तरेच्या लेक ईरी या सरोवरापासून दक्षिणेला अलाबामापर्यंत, अ‍ॅपलेशियन डोंगररांगांच्या आधाराने, लसीकृत प्राण्यांचा पट्टा उभा केला जातो. ओहायोत 1997 पासून आमिषे टाकली जात असूनही 2004 मध्ये रोगाने तिथला पट्टा ओलांडला आणि त्या भागात पुन्हा आमिषे टाकावी लागली.

मर्यादा खऱ्या आहेत. आमिषे टाकल्यानंतर पकडून तपासलेल्या रॅकूनांपैकी अनेक ठिकाणी साधारण एक तृतीयांश प्राण्यांच्याच रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे लस लागू पडल्याची खूण असलेली प्रथिने, आढळली. ओपॉसमसारखे (पिशवीत पिल्ले वाढवणारा एक छोटा प्राणी) इतर प्राणी आमिषे फस्त करतात, आणि स्कंक या दुर्गंधी फवारणाऱ्या, रेबीज होऊ शकणाऱ्या प्राण्यात व्हॅक्सिनियावर आधारित लस फारशी चालत नाही. शिवाय दरवर्षी नवी पिल्ले जन्मतात, त्यामुळे एकदा टाकून भागत नाही. तरीही पश्चिमेकडची राज्ये या प्रकारच्या रेबीजच्या फैलावापासून आजवर वाचली आहेत, आणि हे यश डोळ्यांना दिसत नसल्यामुळेच निधी कापण्याचा मोह टाळायला हवा, असे मला वाटते.

भारतात रेबीजचा मुख्य वाहक कुत्रा आहे. गोव्यातील मोठ्या मोहिमेत कुत्रे जाळ्याने पकडून टोचण्यावर भर राहिला. मात्र पकडता न येणाऱ्या भटक्या कुत्र्यांना हातातून आमिष देता येईल का, हे तिथे लस नसलेली आमिषे वापरून तपासले गेले आहे.

आता आपल्या कुत्र्याविषयी. एखादी पुडी खाल्ल्याने त्याला धोका नाही; जास्त खाल्ल्या तर पोट बिघडू शकते. पण ती त्याच्या तोंडातून ओढून काढू नका. 2000 मध्ये ओहायोतील एका गर्भवती महिलेने तसे केले, कुत्रा चावला आणि जखमेतून तिला व्हॅक्सिनियाचा संसर्ग झाला. ती नंतर बरी झाली. अखंड पुडी वाटेत पडली असेल तर हातमोजा घालून झुडपात टाकावी. फुटलेल्या पुडीतला द्रव हाताला लागला, तर साबणाने नीट धुऊन पुडीवर छापलेल्या क्रमांकावर फोन करावा. कुत्र्याला रेबीजची नेहमीची लस टोचलेली असणे मात्र आवश्यकच आहे, कारण आमिष खाल्ल्याने तो लसवंत झाला असे कोणताही पशुवैद्यक धरत नाही.