फी थकली म्हणून वकील फाईल अडवू शकतो का?

प्रश्न : जमिनीच्या वाटपाचा माझा दावा दिवाणी कोर्टात ५ वर्षांपासून चालू आहे. वकिलांवर भरवसा उरला नाही, म्हणून दुसरे वकील द्यायचं ठरवलं. पहिले म्हणतात, ४०,००० रुपये द्या, तोवर फाईलही नाही आणि ‘ना हरकत’ही नाही. मूळ खरेदीखत त्यांच्याकडे आहे. तीन आठवड्यांनी माझ्या उलटतपासाची तारीख आहे. काय करू?

उत्तर : आधी तारखेचं बघा. फायलीचं भांडण महिनाभर लांबलं तरी चालेल, पण पुकाऱ्याला तुमच्या बाजूने कोणीच नसलं तर दावा गैरहजेरीत निकाली निघू शकतो. वकील येवोत न येवोत, तुम्ही स्वतः कोर्टात बसा.

उद्याच नकलांसाठी अर्ज द्या. दावा, कैफियत (समोरच्याचं लेखी उत्तर), कोर्टाने काढलेले वादाचे मुद्दे, तुमचं सरतपासाचं शपथपत्र (तुमची शपथेवरची लेखी साक्ष) आणि रोजनामा (तारीखवार कामकाजाची नोंद), एवढं मिळालं तर नवे वकील काम सुरू करू शकतात. त्याच वेळी दस्तऐवजांची यादीही पाहा. मूळ खत बऱ्याचदा त्या यादीसोबत कोर्टात जमा झालेलं असतं आणि पक्षकार मात्र ते वकिलाच्या कपाटात आहे असं समजून झोप घालवतो. तिथे नसलं, तर नोंदणीकृत खताची नक्कल दुय्यम निबंधकांकडे मिळते.

‘ना हरकत’ वाटते तेवढी अडचणीची नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार आधीच्या वकिलांची संमती मिळाली नाही, तर ती का मिळाली नाही हे अर्जात सांगून नवे वकील कोर्टाची परवानगी मागू शकतात. तो अर्ज तारखेच्या आधीच द्यायला सांगा.

आता फाईल. फीसाठी वकिलाला पक्षकाराचे कागद रोखून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं. तिथे एका सहकारी बँकेच्या फायली अडकल्या होत्या. फी खरंच येणं असेल, तर वकिलाने त्यासाठी वेगळा दावा लावावा.

हे मी सोवळं नेसून सांगत नाही. वकिलीच्या चौथ्या वर्षी मीही एक फाईल अशीच अडवली होती. पक्षकाराने सहा तारखांची फी बुडवली होती, माझा संताप खराच होता. सीनिअरांनी फाईल मागवली, नाडी सोडली आणि एकेक कागद बाजूला ठेवत विचारलं, “यातला तुझा कुठला?” युक्तिवादाची चार टिपणं सोडली तर एकही नाही. संध्याकाळी सायकलवरून मीच ती पोचवून आलो. फी काही मिळाली नाही.

म्हणून तुम्हालाही विचारतो, ते ४०,००० ठरलेले होते का? ठरलेले असतील तर पावती घेऊन द्या, कागद मिळाले नसले तरी. नसतील तर हिशेब लेखी मागा आणि त्याच पत्रात सात दिवसांत कागद परत मागा, स्पीड पोस्टाने. उत्तर आलं नाही, तर राज्य बार कौन्सिलकडे अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली तक्रार करता येते. ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सल्ला कोणी दिला असेल तर तो सोडून द्या. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, हे मे २०२४ मध्ये ठरलं आहे.

फाईल मिळेल तेव्हा पोच देण्याची घाई करू नका. तिथेच बसून पानं मोजा, यादी करा आणि मग सही करा.