पोरीला पाणी तपासायचं आहे, जाऊ द्यायचं का?

नागपूरच्या मानेवाड्याहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय, ते आधी थोडक्यात सांगते. मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय केमिस्ट्री आणि मायक्रोबायोलॉजी. उन्हाळ्यात काटोलकडे मामाच्या गावी गेली होती, तिथं गावातलीच एक बाई किट घेऊन विहिरींचं पाणी तपासत होती, ही तिच्यासोबत दोन दिवस फिरली आणि तेव्हापासून घरात एकच धोशा, मला हेच करायचंय. बाबा म्हणतात बीएड कर. मामा म्हणतो कोडिंग शीक. मध्येच एका क्लासवाल्यानं सहा महिन्यांच्या वॉटर टेस्टिंग डिप्लोमासाठी ६० हजार मागितलेत, वर नोकरीची हमी देतो म्हणतो. ताई विचारतात, यात खरंच नोकऱ्या आहेत का, मुलीला बाहेर फिरायचं काम झेपेल का, एमएस्सी कशात करू द्यावी, आणि हे ६० हजार भरायचे का. जाता जाता घरच्या आरओ फिल्टरबद्दलही एक प्रश्न आहे, दुरुस्तीवाल्यानं मीटर बुडवून पाणी एक नंबर म्हटलं ते खरं धरायचं का.

ताई, नमस्कार. डिप्लोमाच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण त्याची तारीख जवळ आली असेल, ६० हजार भरू नका. लॅबमध्ये रिपोर्टवर जो सही करतो त्याची डिग्री बघतात आणि त्यानं बेंचवर किती वर्षं काम केलंय ते बघतात, सहा महिन्यांचा कागद तिथं कोणी विचारत नाही. आणि नोकरीची हमी कोणताही क्लासवाला देऊ शकत नाही हो, लेखी मागून बघा.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या लेकीनं गावात जे पाहिलं ते जलजीवन मिशनमधलं काम आहे. १५ ऑगस्ट २०१९ ला ही योजना आली तेव्हापासून प्रत्येक गावातल्या पाच बायकांना फील्ड टेस्ट किटचं ट्रेनिंग द्यायचं असं ठरलंय. पीएच, क्लोराइड, हार्डनेस, फ्लोराइड, नायट्रेट हे त्या रंगावरून बघतात. जंतूंसाठी एचटूएसची (हायड्रोजन सल्फाइडची) बाटली असते, त्यात पाणी भरून ठेवायचं आणि एक-दोन दिवसांत काळं पडलं की समजायचं, पाण्यात बहुतेक मैला मिसळतोय. फार उपयोगाची गोष्ट आहे ही पण ते किट म्हणजे दारातली तपासणी, त्याच्या मागे लॅब आहे आणि करिअर लॅबमध्ये आहे. किटवर रंग संशयास्पद आला की नमुना लॅबला जातो आणि तिथं कोणीतरी बसून ठरवतं की फ्लोराइड १.२ आहे की १.८. हा फरक गावासाठी फार मोठा आहे. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात फ्लोराइड १ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चांगलं धरलंय, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात, त्याच्या वर नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडे काही गावांत पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात ना, ते यातूनच. नायट्रेटला तर सूटच नाही, लिटरला ४५ मिलिग्रॅम म्हणजे ४५च, आणि तुमच्या माहेरच्या पट्ट्यात संत्र्याच्या बागांना खत किती पडतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

मी मार्गदर्शनाच्या कामात येण्याआधी सहा वर्षं इथल्याच एका प्रायव्हेट लॅबमध्ये होते, म्हणून हे पुस्तकातून सांगत नाहीये. तिथल्या दुसऱ्या महिन्यातली एक गोष्ट सांगते. जंतूंच्या तपासणीचा नमुना ज्या बाटलीत घेतात ती निर्जंतुक तर करतातच, पण त्याआधी तिच्यात थोडं सोडियम थायोसल्फेट टाकून ठेवतात, कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि बाटली बंद केल्यावरही ते आपलं काम करतच राहतं. थायोसल्फेट ते क्लोरीन तिथल्या तिथं संपवतं, मग नमुना घेतला त्या क्षणी पाण्यात जे होतं तेच लॅबपर्यंत पोहोचतं. माझ्याकडून त्या दिवशी साध्या बाटल्या गेल्या. मे महिना, स्कूटीवर बर्फाचा डबा बांधलेला, हिंगण्याच्या पुढच्या एका गावातून चार नमुने आणले, जंतू मरावेत म्हणून नळाची तोटी ज्योतीनं जाळून घेतली, बाटलीत वर थोडी जागा सोडली, सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. रिपोर्ट एकदम स्वच्छ आला. आणि त्या गावात तेव्हा हगवणीचे पेशंट होते! आमच्या सिनिअर मॅडमनी बाटल्यांच्या रजिस्टरवर बोट ठेवलं, कोणत्या लॉटच्या नेल्यास गं? मग दुसऱ्या दिवशी परत जाऊन बरोबर बाटल्यांत नमुने घेतले तर चारपैकी दोनमध्ये ई. कोलाय, म्हणजे मैल्यातून येणारा जंतू, निघाला. १०० मिलिलिटर पाण्यात तो एकही सापडायला नको असा नियम आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही, मॅडमनी विचारलं नसतं तर तो स्वच्छ रिपोर्ट माझ्या आद्याक्षरांसकट ग्रामपंचायतीत गेला असता आणि लोक तेच पाणी पीत राहिले असते.

हे एवढं लांबण लावून सांगितलं कारण या कामाला कोणता माणूस लागतो ते यात आहे. हुशारी लागते पण त्याहून जास्त लागते ती रोज तीच गोष्ट तितक्याच काळजीनं करायची सवय. तुमची लेक घरात कशी आहे ते आठवून बघा. वहीत तारीख-वेळ लिहून ठेवते का, एकदा मोजलेलं परत मोजून बघते का, चूक झाली तर येऊन सांगते का. ही तीन लक्षणं असतील तर माझ्या मते ती बरोबर रस्त्यावर आहे. रोज नवीन काहीतरी हवं असा स्वभाव असेल तर मात्र दोन वर्षांत कंटाळेल, हे आत्ताच बोलून घ्या तिच्याशी.

नोकऱ्यांचं म्हणाल तर या कामासाठी नागपूरसारखं गाव आपल्याकडे क्वचितच सापडेल, आणि इथल्याच लोकांना ते माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं. नेहरू मार्गावरची नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५८ ला पब्लिक हेल्थ इंजिनिअरिंगची संस्था म्हणून सुरू झाली, १९७४ ला तिला आजचं नाव मिळालं, पाण्यातलं फ्लोराइड तुरटी आणि चुन्यानं काढायची नालगोंडा पद्धत इथलीच. केंद्रीय भूजल मंडळाचं मध्य क्षेत्राचं ऑफिस इथं आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक ऑफिस आणि लॅब आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, म्हणजे आपण जिला जीएसडीए म्हणतो, तिच्याकडे जिल्ह्याच्या आणि उपविभागाच्या पाणी तपासणीच्या लॅब आहेत, मामाच्या गावचे नमुने अशाच लॅबमध्ये जात असतील. शहराला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं, त्या शुद्धीकरण केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ गढूळपणा आणि क्लोरीन बघणारे केमिस्ट असतात. बुटीबोरी-हिंगण्याच्या कंपन्यांचे ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट, आहेत, पाण्याच्या बाटल्या भरणारे प्लांट आहेत, प्रायव्हेट लॅब आहेत. आणि एक जागा कोणाच्या डोक्यातच येत नाही, कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं. बॉयलरला जाणारं पाणी पिण्याच्या पाण्यापेक्षा कितीतरी शुद्ध लागतं, त्यातली सिलिका न् कंडक्टिव्हिटी सतत बघावी लागते, तिथं केमिस्टशिवाय पान हलत नाही.

आता एमएस्सी. इथं माझं मत जरा ठाम आहे आणि माझ्या क्षेत्रातले काही लोक याच्या उलट सांगतील. डिग्री केमिस्ट्रीची घ्या, जमल्यास अॅनालिटिकल केमिस्ट्री, नाहीतर मायक्रोबायोलॉजीची, आणि वळण पाण्याकडे द्या. पर्यावरणशास्त्राची एमएस्सी वाईट नाही, पण बऱ्याच जाहिरातींत जागा रसायनी किंवा केमिस्ट या नावानं निघते आणि पात्रतेत केमिस्ट्री लिहिलेलं असतं, मग पोरं अर्ज भरताना अडकतात. यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा असते, नाव ऐकून लोकांना वाटतं फक्त जिऑलॉजीवाल्यांची असेल, पण केंद्रीय भूजल मंडळात केमिकलचा ‘सायंटिस्ट बी’ या पदाचा माणूस त्याच परीक्षेतून घेतात आणि त्याला केमिस्ट्रीचीच एमएस्सी लागते. मायक्रोबायोलॉजी घेतली तर जंतू तपासणीचा विभाग तिचा, तिथं माणसं कमी मिळतात हेही खरं. शिकायला बाहेरगावी जायची काही गरज नाही, सगळं नागपुरातच होतं, आणि एमएस्सीचं डिझर्टेशन, म्हणजे प्रबंध, पाण्यावर करायला लावा. पुढे रिसर्चची आवड निघाली तर सीएसआयआर नेट ही परीक्षा आहे, तिच्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली की जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७ हजार मिळतात, आणि नीरीत पीएचडीही करता येते.

पैशाचं सरळच सांगते, लपवून काय करायचं. प्रायव्हेट लॅबमध्ये पहिली दोन-तीन वर्षं पगार बघून घरच्यांची तोंडं उतरतात. सरकारी योजनांमधल्या खूप जागा कंत्राटी असतात, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, आणि परमनंट भरती दरवर्षी निघेलच असं नाही. पण ज्या पोरी बाटल्या धुण्यापासून सुरुवात करून पुढे आयन क्रोमॅटोग्राफ, एएएस, आयसीपी ही पाण्यातले क्षार आणि धातू मोजणारी मशीनं चालवायला शिकल्या त्यांना चौथ्या-पाचव्या वर्षानंतर कोणी सोडायला तयार नसतं, कारण मशीन पैशानं येतं, ते नीट चालवणारा हात येत नाही. त्यामुळे पहिली नोकरी पगारावर निवडू देऊ नका, लॅबला एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारं मंडळ) मान्यता आहे का ते बघा, म्हणजे आयएसओ १७०२५ या लॅबच्या मानकाप्रमाणे काम चालतं का. तिथं रजिस्टर, कॅलिब्रेशन, ब्लँक (नुसतं शुद्ध पाणी तपासून बघणं), डुप्लिकेट (तोच नमुना दोनदा) या सवयी हाताला लागतात. बीएडचं म्हणाल तर ते एमएस्सीनंतरही करता येतं, बाबांना सांगा दार बंद होत नाहीये.

मुलीला झेपेल का? हो. आमच्या लॅबमध्ये निम्म्याहून जास्त मुलीच होत्या. अडचणी आहेत त्या पण ऐका. नमुने उन्हातान्हात घ्यावे लागतात, सांडपाण्याचे कधी रात्रीही घ्यावे लागतात, अशा वेळी एकटीनं जायचं नाही, सोबत माणूस मागून घ्यायचा आणि ते मागायला लाजायचं नाही. दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. एका कारखान्यात मी गेटवर पोहोचले तर तिथल्या माणसानं भरलेली बाटली हातात दिली, मॅडम उन्हात कशाला फिरता, आम्ही काढून ठेवलंय. मी ती घेतली नाही, स्वतः आउटलेटवर जाऊन भरली, त्यावरून ऑफिसला फोन गेला आणि मला बोलणी खावी लागली. असा प्रसंग तिच्यावर येईल. तेव्हा घरी आल्यावर कशाला भांडतेस म्हणू नका, एवढं एक माझ्यासाठी करा.

आत्ता लगेच काय करायचं ते सांगते. या दिवाळीच्या सुट्टीत तिला परत मामाकडे पाठवा आणि गावच्या जलसुरक्षकासोबत, म्हणजे पाण्याची देखभाल करणाऱ्या माणसासोबत, चार दिवस फिरू द्या, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकीत कशी टाकतात, क्लोरीन बघायच्या ओटी टेस्टला पिवळा रंग किती गडद यायला हवा, शेवटच्या घराच्या नळाला लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरतंय का, हे सगळं वहीत लिहून आणायचं. पाण्याला धोका किती ते बघून ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड मिळालंय की पिवळं की लाल, तेही विचारून यायचं. मग कॉलेजच्या सरांना सांगून विंकलर पद्धतीनं डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, काढायला बसायचं, आणि पाणी शक्य असेल तर नाग नदीचं घ्यायचं, सर सोबत असतील तरच, हातमोजे घालून. दोन रिएजंट टाकले की पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी गाळ बसतो, नसेल तर पांढराच राहतो. मी पहिल्यांदा पारडीकडच्या पाण्यात तो पांढरा गाळ बघितला तेव्हा बाटली उन्हात धरून कितीतरी वेळ नुसती बघत उभी होते. आणि मुलाखतीत हमखास विचारतात असा एक प्रश्न तिला आजच सांगून ठेवा, पुस्तकात बीओडी (जंतू पाण्यातली घाण कुजवताना किती ऑक्सिजन खातात त्याचं माप) पाच दिवस २० डिग्रीला लिहिलंय मग आपल्याकडे तीन दिवस २७ डिग्रीला का करतात. तिनं स्वतः शोधू दे.

आता तुमचा आरओ. तो दुरुस्तीवाला मीटर बुडवून ४० दाखवून गेला आणि म्हणाला पाणी एक नंबर. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, बास. त्यात जंतू दिसत नाहीत, फ्लोराइड वेगळं दिसत नाही, नायट्रेट दिसत नाही. मेंब्रेन, म्हणजे आतला गाळणारा पडदा, शेवटचं कधी बदललं ते बिलावर बघा, खालची टाकी कधी धुतली ते आठवा, आणि एक नमुना नळाचा, एक आरओचा असे दोन नमुने लेकीलाच घ्यायला सांगा. जंतूंच्या तपासणीसाठी बाटल्या लॅबमधूनच मागून आणायच्या, घरची बिसलेरीची बाटली चालत नाही, आणि सकाळी घेतलेला नमुना बर्फात ठेवून दुपारच्या आत पोहोचवायचा. रिपोर्ट आला की मला पाठवा, पण आधी तिला वाचायला द्या.