शिआनचे विहार आणि गरम पाण्याची कुंडे

प्रश्न : आम्ही इंदोऱ्यातील काही ज्येष्ठ मंडळी ऑक्टोबरात चीनमधील शिआनला जाणार आहोत. ह्युएन त्संगांशी निगडित विहार पाहून गरम झऱ्यांत स्नानही करावे, अशी इच्छा आहे. आखणी कशी करावी?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : १ ऑक्टोबरपासून चीनमध्ये राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा असतो आणि सर्वत्र तोबा गर्दी उसळते; त्यामुळे १४ तारखेला दीक्षाभूमीवर वंदना करूनच निघावे. शहरातील दात्सिएन विहारात, ६४५ साली भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन परतलेल्या ह्युएन त्संगांच्या पुढाकाराने ६५२ मध्ये उभारलेला स्तूप आहे. तो सर्वच पर्यटक पाहतात. मला विचाराल तर अधिक वेळ दक्षिणेकडील शिंगचिआओ विहाराला द्यावा, कारण ह्युएन त्संगांच्या अस्थी तेथे पुरल्या होत्या आणि त्यांच्या स्तूपाच्या दोन्ही बाजूंना दोन शिष्यांचे लहान स्तूप आहेत, त्यांतील एक शिष्य कोरियाचा. नैर्ऋत्येकडील त्साओतांग विहार बौद्ध ग्रंथांचे चिनी भाषांतर करणाऱ्या कुमारजीवांचा. रामटेकजवळच्या टेकडीशी ज्यांचे नाव आपण जोडतो, त्या नागार्जुनांचा माध्यमिक (शून्यतेचा, मध्यम मार्गाचा) विचार चिनी भाषेत नेला तो कुमारजीवांनीच. नागपूरकरांनी हे ठिकाण चुकवू नये.

फामेन विहार पश्चिमेला सुमारे १२० किलोमीटरवर आहे. १९८१ मध्ये तेथील जुना स्तूप अर्धा कोसळला आणि १९८७ मध्ये त्याखालच्या तळघरात बुद्धांच्या बोटाचा मानला जाणारा अस्थिधातू (अस्थीचा पवित्र अवशेष) सापडला. याला पूर्ण दिवस लागतो. गरम पाण्याच्या कुंडांचे हुआचिंग नेमके उलट्या दिशेला, पूर्वेस असल्याने ही दोन ठिकाणे एकाच दिवशी उरकण्याचा अट्टहास नको.

चिनी विहारांत चपला काढायच्या नसतात, हे आपल्याला अवघड वाटेल. मात्र दाराच्या उंच लाकडी उंबऱ्यावर पाय न ठेवता तो ओलांडावा. उदबत्ती अंगणातील मोठ्या धूपपात्रात लावावी.

हुआचिंगचे पाणी सुमारे ४३ अंशांचे असले तरी थांग घराण्याचे सम्राट आणि त्यांची लाडकी राणी यांग गुईफेई यांची दगडी कुंडे आता केवळ पाहण्यासाठी आहेत. स्नानासाठी लानथिएनमधील थांगयू गाठावे. उनकेश्वरला जातो तसे साडीत वा धोतरात उतरता येत नाही. आधी अंघोळ करून पोहण्याचा पोशाख घालावा लागतो. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावे, दहा मिनिटांत बाहेर यावे आणि जेवल्याबरोबर तर मुळीच जाऊ नये.