पहिली कॅनरी निवडताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पहिला पक्षी म्हणून कॅनरीच पाळायची हे तू ठरवले आहेस आणि आता ग्लॉस्टर, यॉर्कशायर की लाल कॅनरी, यांतला कोणता वाण घ्यावा एवढाच प्रश्न उरला आहे, असे तू लिहिले आहेस. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा: तुला कॅनरी ऐकायची आहे की पाहायची? कॅनरी बेटे, मदिरा आणि अझोर्स येथल्या हिरवट-पिवळ्या रानपक्ष्यापासून गेल्या पाचशे वर्षांत माणसाने जे वाण घडवले, त्यांत कोणी गळा जोपासला, कोणी रंग, तर कोणी अंगलट. आणि एकाचा ध्यास घेताना दुसऱ्याकडे बहुतेक वेळा दुर्लक्षच झाले.

गाणे हवे असेल, तर जर्मनीतल्या हार्झ पर्वतातल्या खाणकामगारांच्या वस्तीत जोपासलेला रोलर हा वाण मला फ्लॅटसाठी सर्वांत योग्य वाटतो. तो चोच जवळजवळ मिटून गातो. आवाज खालच्या पट्टीतला, घोळवलेला असतो आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला त्याचा त्रास होत नाही. स्पॅनिश टिंब्राडोचा आवाज खणखणीत आहे. मोकळ्या व्हरांड्यात तो फार सुंदर वाटतो, पण दहा बाय दहाच्या खोलीत दुपारच्या वेळी सोसणे कठीण होते. वाण कोणताही असो, मनापासून गातो तो नर. मादी क्वचितच गाते, आणि कोवळ्या वयात दोघे इतके सारखे दिसतात की विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून चालत नाही. म्हणून जो पक्षी घ्यायचा, तो गाताना स्वतःच्या कानांनी ऐक, त्यासाठी दोन खेपा घालाव्या लागल्या तरी चालतील. पिसे झडण्याच्या काळात मात्र चांगला गाणारा नरही गप्प असतो, हे लक्षात ठेव.

लाल कॅनरीचा मोह मला समजतो, कारण माझी पहिली कॅनरी लालच होती. हा रंग 1920च्या दशकात जर्मनीत सुरू झालेल्या प्रयोगांतून, व्हेनेझुएलाच्या लाल सिस्किन पक्ष्याशी संकर करून कॅनरीत आणला गेला. परंतु वारसा मिळतो तो खाण्यातल्या रंगद्रव्यापासून लाल रंग बनवून पिसांत साठवण्याच्या क्षमतेचा. प्रत्यक्ष रंगद्रव्य पिसे उगवत असताना खाण्यातूनच मिळावे लागते. हे मला कोणी सांगितले नव्हते. मी नुसत्या बियांवर पक्षी ठेवला आणि पुढच्या पिसेझडीनंतर तो फिकट नारिंगी होऊन बाहेर आला. पक्षी ठणठणीत होता, पण मी ती गोष्ट मनाला फार लावून घेतली. तुझ्यावर ती वेळ येऊ नये असे वाटते, म्हणून पहिल्या वर्षी लाल कॅनरी नको.

अंगलटीच्या वाणांत यॉर्कशायर उंच आणि डौलदार, सुमारे 17 सेंटिमीटरचा. त्याला पिंजराही तसाच प्रशस्त लागतो. नॉर्विच गुबगुबीत दिसतो, पण त्याच्या दाट पिसांमुळे त्वचेखाली पिसांच्या गाठी होण्याचा धोका मोठा आहे, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत असा पक्षी मी नवशिक्याच्या हाती देणार नाही. ग्लॉस्टर 1925 च्या सुमारास इंग्लंडमध्ये पुढे आला. त्यातल्या तुरेवाल्या पक्ष्याला कोरोना आणि साध्या डोक्याच्या पक्ष्याला कॉन्सॉर्ट म्हणतात. पुढे कधी जोडी लावलीस, तर दोन तुरेवाले एकत्र आणू नकोस. तुऱ्याचे जनुक दोन्हीकडून आलेले पिल्लू जगत नाही.

तेव्हा माझे मत स्पष्ट सांगतो: फाइफ जातीचा एकच नर घे. स्कॉटलंडमधला हा वाण जेमतेम 11 सेंटिमीटरचा, चपळ, काटक आहे आणि त्याचे गाणेही गोड असते. फाइफ मिळाला नाही, तर ग्लॉस्टर कॉन्सॉर्ट घे. एकटा नर खुशाल राहतो. दोन नर एका पिंजऱ्यात ठेवले तर भांडतात.

आपल्याकडे बाजारात अनेकदा नुसतीच ‘कॅनरी’ मिळते, वाणाचा पत्ता नसतो. पायात अखंड कडी असेल तर बरे, कारण ती पिल्लू आठवड्याभराचे असतानाच चढवता येते आणि तिच्यावर जन्मवर्ष असते. पण कडीपेक्षा पक्षी पाहा. पक्षी हातात घ्यायला सांग आणि पोटावरच्या पिसांवर हलकी फुंकर मार: छातीचे हाड सुरीच्या धारेसारखे वर आलेले नसावे, गुदद्वाराभोवतीची पिसे कोरडी असावीत. मग तो दांडीवर शांत बसला की शेपटी पाहा. ती प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली होत असेल किंवा श्वासाला बारीक टिकटिक येत असेल, तर वाण कितीही दुर्मिळ असला तरी तो पक्षी आणू नकोस.

पिंजरा उंच नको, लांब हवा. कॅनरी आडवी उडते, म्हणून निदान दोन फूट लांबी ठेव. त्यावर मच्छरदाणीचे कापड अवश्य लाव, कारण कॅनरीला होणारी देवी डासांमुळे पसरते. राळे, थोडे कारळे आणि समुद्रफेस तुला किराणा आणि काष्ठौषधींच्या दुकानातच मिळेल, पण पहिले दहा दिवस विक्रेत्याकडचेच दाणे मागून आण आणि नवे त्यांत थोडे थोडे मिसळत जा.

कळावे.