सिनेमाचं विचारा: '२००१' बघायला बसलो आणि आबा उठून गेले

प्रश्न: सर नमस्कार, राजारामपुरीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. एक मित्र लई दिवस मागं लागलेला की '२००१: अ स्पेस ओडिसी' एकदा तरी बघच, म्हणून रविवारी वडिलांना घेऊन बसलो. सुरुवातीलाच स्क्रीन काळीकुट्ट आणि नुसता घुमल्यासारखा आवाज, आबा म्हणाले टीव्ही गेला बघ. मग माकडं आली, ती काय संपंनात, कोण एक शब्द बोलंना. आबा झोपायला गेले आणि मी पण पाऊण तासात बंद केला. आता रुखरुख लागलीय की आपल्यालाच कळत नाही का? परत बघू का राहू दे?

उत्तर: परत बघा, आणि आबांना घेऊनच बघा!

तुमचा टीव्ही एकदम ठीक आहे. ती काळी स्क्रीन सिनेमातलीच आहे, जवळजवळ तीन मिनिटं, १९६८ साली थिएटरमध्ये पडदा उघडायच्या आधी लोक जागेवर बसेपर्यंत हे संगीत वाजायचं. आणि पहिला संवाद यायला साधारण पंचवीस मिनिटं लागतात, हे दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिकनं मुद्दाम केलंय. आपण सगळे गोष्ट पुढं कधी सरकते याची वाट बघत बसतो, तिथंच हा सिनेमा हातातून निसटतो. यात माणसं बोलतात ते बहुतेक कामापुरतं, खरं जे काय आहे ते दिसतं आणि ऐकू येतं.

एकच जागा सांगतो. माकड हाड वर भिरकावतं आणि पुढच्या क्षणी अंतराळात यान, मग ब्लू डॅन्यूब ही वाद्यसंगीताची धून सुरू होते. त्या यानात एक प्रवासी झोपलाय आणि त्याचं पेन हवेत तरंगतंय, हवाईसुंदरी येते, अलगद पेन पकडते आणि त्याच्या खिशात ठेवते. काँप्युटर ग्राफिक्स नाहीच त्यात. पेन एका मोठ्या काचेला चिकटवलेलं आणि ती काच कॅमेऱ्यासमोर हळूहळू फिरवलेली, बस्स. ती पेन घेते ना, तिथं नीट बघा, ती खरं तर ते काचेवरून सोडवून घेतेय. आणि तुम्ही बंद केलात तिथून थोडंच पुढं एक माणूस गोल खोलीत पळत पळत पूर्ण फेरी मारतो. त्यासाठी ३८ फूट व्यासाचं खरंखुरं चाक बांधलेलं इंग्लंडात, नट कायम तळालाच असायचा आणि आख्खा सेट त्याच्याभोवती फिरायचा, पाळण्यासारखा. माणूस चंद्रावर उतरला १९६९ च्या जुलैत, म्हणजे हे सगळं त्याच्या आधीचं, हे डोक्यात ठेवून बघितलं की अंगावर काटा येतो.

आबांना हेच सांगून बसवा. बाबूराव पेंटरांनी आपल्या गावात स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' हा सिनेमा लोकांपुढं आणला, हे कोल्हापूरच्या जुन्या माणसाला सांगायला लागत नाही. त्या डोळ्यानं बघितलं तर आबा कदाचित तुमच्यापेक्षा जास्त रमतील. मोबाइलवर अजिबात नको, घरातला मोठ्यातला मोठा टीव्ही, लाइट बंद, आवाज मोठा. रात्री जेवण करून तर नकोच, जवळपास अडीच तासांचा आहे, सकाळी बसा. मध्यंतर सिनेमातच दिलंय, चहा तेव्हा टाका.

प्रश्न: सर, मी काँप्युटर इंजिनीअरिंगला आहे, शाहूपुरीत राहते. मी '२००१' पहिल्यांदाच पाहिला आणि पूर्ण पाहिला. शेवट डोक्यावरून गेला ते सोडा, पण हॅल हा काँप्युटर माणसांना का मारतो? तो बिघडला होता का? आणि असं काही मराठीत वाचायला आहे का?

उत्तर: फार चांगलं विचारलंस. हॅल बंद पडतो त्याच्या लगेच पुढचा सीन परत लावून बघ. एक रेकॉर्ड केलेला व्हिडिओ सुरू होतो आणि त्यातून कळतं की मोहिमेचं खरं कारण प्रवासात फक्त हॅललाच माहीत होतं. आता सुरुवातीची मुलाखत आठव, आमच्या मालिकेतल्या काँप्युटरनं कधी चूक केली नाही, माहिती फिरवली नाही असं तो स्वतः सांगतो. म्हणजे ज्याला खरं सांगण्यासाठी बनवला त्यालाच लपवायला लावलं, आणि ते लावलं माणसांनी. सिनेमा हे कुठं समजावून सांगत नाही, पण मला तरी बिघाडाचं मूळ तिथंच दिसतं.

बंद होताना तो 'डेझी बेल' गाणं म्हणतो, ते पण उगाच नाही. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत आयबीएम ७०४ या काँप्युटरला हेच गाणं गायला लावलेलं आणि सहलेखक आर्थर सी. क्लार्क यांनी ते तिथं ऐकलेलं. तू त्याच क्षेत्रातली आहेस म्हणून सांगितलं. शेवटाबद्दल म्हणशील तर क्लार्क यांची याच नावाची कादंबरी वाच, त्यात बरंच उलगडून सांगितलंय. पण सिनेमा अजून एकदा बघून झाल्यावरच वाच, नाहीतर तुझं स्वतःचं काय मत होतंय ते राहूनच जाईल.

मराठीत जयंत नारळीकरांपासून सुरुवात कर. १९३८ साली जन्मले ते इथंच, कोल्हापुरात. १९७४ मध्ये त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली, का तर आपल्या नावाकडं बघून कुणी बक्षीस देऊ नये, आणि बक्षीस मिळालं! 'यक्षांची देणगी' हा त्यांचा कथासंग्रह आहे, करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी कर.